काचेच्या दोन दारांमध्ये

सिंगापूरहून आल्यापासून आमच्या प्रतापनगरच्या गल्लीत जो भेटतो तो विचारतो, उंच इमारती पाहिल्यास का? मी हो म्हणते. पाहिल्या. पण खरं सांगायचं तर त्या प्रवासातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते एक दालन: पांढरे दिवे, चकचकीत फरशी आणि ओळीने काचेची छोटी दारं. त्याबद्दल लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं, कारण तिथे शेवटी वाईट असं काहीच घडलं नाही. फक्त भीती वाटली. पण जे अजून गेलेले नाहीत, आणि ज्यांचे आईवडील पहिल्यांदाच जाणार आहेत, त्यांना कदाचित उपयोग होईल, म्हणून लिहिते आहे.

बडोदे

माझी ताई सिंगापूरला असते. जिजाजी आधी इथेच रिफायनरीत होते, आता तिकडे त्याच कामावर आहेत. ताईला मुलगी झाली. बाळंतपणासाठी आई आधीच जाऊन पोचली होती. बारशाला बाबांनी आणि मी जायचं ठरलं. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. उभा जन्म हातात कानस, समोर लोखंड. आता निवृत्त आहेत. मी सयाजीगंजच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजी कागद आला की तो वाचायचं काम माझ्याकडे येतं. मला सगळं समजतं असं घरच्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही, पण ते मी कधी बोलले नव्हते.

व्हिसा आला, तसे सल्लेही आले. शेजारचे पटेलकाका कठड्यावर बसून बाबांना म्हणाले, "मोरेभाई, त्यां तो बहु कडक. च्युइंगगम पण ना लई जवाय!"

बाबा म्हणाले, "मी कधी खाल्लंय च्युइंगगम?"

"सुपारी तो खाओ छो ने!"

त्या संध्याकाळी बाबांनी सुपारीची डबी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली आणि ती तिथेच राहू दिली. गंमत म्हणून सांगते आहे, पण मला तेव्हा हसू आलं नाही. बाबा घाबरले आहेत, हे मला त्या डबीवरून कळलं.

थेट विमान महाग होतं. म्हणून अहमदाबादहून क्वालालंपूर, आणि तिथून बसने सिंगापूर, असा बेत जिजाजींनी आखून दिला. "बसने मजा येईल, देश बघायला मिळेल," असं ते फोनवर म्हणाले. देश तर बघायला मिळाला.

क्वालालंपूर ते जोहोर

बस सकाळची होती. स्थानकाशेजारच्या टपरीवर आम्ही रोटी चनाय खाल्ली. टपरीवाला तमिळ मुसलमान होता. पिठाचा गोळा हवेत फिरवून, आपटून, घड्या घालून तो तव्यावर टाकत होता. सोबत वाटीभर पातळ डाळ. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, "हा आपला पराठाच आहे, फक्त सर्कशीत जाऊन आलेला." त्यांनी तीन मागवल्या. तिथे सगळे हाताने जेवत होते, आमच्यासारखेच. मला वाटलं, इतकं काही परकं नाही.

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेलाच्या पामची झाडं. आपल्याकडे करजणच्या बाजूला कपाशीची शेतं असतात तशी, पण कपाशीवरून दूरवर नजर जाते. इथे झाडांच्या आत काळोख होता आणि तो संपतच नव्हता. मी दर थोड्या वेळाने पिशवीत हात घालून दोन्ही पासपोर्ट चाचपत होते.

पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी ते पाहिलं. त्यांचं नाव लता. जोहोरच्याच, तमिळ घरातल्या, सिंगापूरच्या एका दवाखान्यात नर्स. दर आठवड्याला ही सीमा ओलांडतात. इंग्रजीत म्हणाल्या, "इतक्या वेळा हात लावलास तर पासपोर्ट झिजेल."

मी म्हणाले, "पहिल्यांदाच जातोय."

"मग नीट ऐक. बसमधलं सगळं सामान बरोबर घ्यायचं. आधी मलेशियाची इमारत, तिथे बाहेर पडल्याचा शिक्का. मग परत बस, पूल, मग सिंगापूरची इमारत. तिथे बस फार थांबत नाही. मागे राहिलात तर ती निघून जाते. आणि आत गेल्यावर फोन काढायचा नाही, फोटो नाही, मागे फिरायचं नाही."

"मागे फिरलं तर?"

"फिरता येतच नाही," त्या सहज म्हणाल्या, जसं आपण उन्हाळ्यात ऊन लागतं म्हणतो.

मी हे सगळं बाबांना मराठीत सांगितलं. 'मागे फिरायचं नाही' हे मात्र जरा हळू सांगितलं.

जोहोरची इमारत प्रचंड आहे. सरकत्या जिन्याने वर, रांग, शिक्का, सरकत्या जिन्याने खाली, पुन्हा बस. तिथे काही त्रास झाला नाही. बाजूला उंच खांबांवर रुळांचं काम दिसलं तेव्हा बाबांचा चेहरा उजळला. "विचार ना त्यांना, कसली लाईन आहे."

लताबाईंनी सांगितलं की ही नवी रेल्वे पुलापलीकडे सिंगापूरला जाणार आहे. ती सुरू झाली की दोन्ही देशांची तपासणी एकाच इमारतीत होईल. इकडून निघताना सिंगापूरचे अधिकारी इथेच, जोहोरमध्ये बसलेले असतील. इथेच त्यांच्या देशात शिरायचं, मग गाडीत बसायचं.

"म्हणजे मलेशियाच्या जमिनीवर सिंगापूरचा कायदा?" मी विचारलं.

"त्या मजल्यावर. दोन सरकारांनी ठरवलं की झालं."

आमच्या पुस्तकात सीमा म्हणजे नकाशावरची रेघ. परीक्षेत मी ती व्याख्या लिहिली आहे, गुणही मिळाले आहेत. बस पुलावर चढली तेव्हा मी खिडकीतून खाली पाणी बघत होते, रेघ कुठे असेल म्हणून. लताबाईंच्या ते लक्षात आलं. "पाण्यात काय बघतेस? पाण्यातून कोणी जात नाही. रेघ वर त्या हॉलमध्ये आहे. सरकार सांगतं, या खांबापासून त्या दरवाजापर्यंतची जागा तपासणीची. मग ती तशी."

नंतर कळलं की हे असंच असतं. कुठला रस्ता, कुठला धक्का, कुठली इमारत, हे सरकार राजपत्रात जाहीर करतं आणि तेवढ्या जागेतूनच देशात शिरता येतं. बाकी सगळा किनारा, सगळी जमीन बंद. देश एवढा, आणि त्याचं दार एका मजल्याएवढं. त्या वेळी मात्र एवढंच कळलं की बस थांबली आहे आणि सगळे धावत उतरत आहेत.

सिंगापूरचं दालन

शिरतानाच एक लाल पाटी होती. 'संरक्षित जागा' असा चार भाषांमध्ये मजकूर, त्यातली एक तमिळ. आणि चित्र: एक माणूस हात वर करून उभा, दुसऱ्याने त्याच्यावर बंदूक रोखलेली. बाबांनी चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नकळत हातातली पिशवी खाली ठेवून पुन्हा उचलली.

पुढे स्वयंचलित रांगा होत्या. काचेचं एक छोटं दार, मग माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा, मग दुसरं दार. पासपोर्ट ठेवला की पहिलं उघडतं. आत गेलं की ते मागे बंद होतं. मग यंत्र डोळे आणि चेहरा बघतं आणि दुसरं दार उघडतं. एका वेळी एकच माणूस. बाबांचा पासपोर्ट त्यांच्या हातात देऊन मी म्हणाले, "मी पुढे जाऊन दाखवते, बघा आणि तसंच करा." हा माझा शहाणपणा. मी गेले, डोळे मोठे केले, दार उघडलं, मी बाहेर आले. वळून बघते तर बाबा शेजारच्या रांगेत आत शिरले होते. मागचं दार बंद झालं होतं. पुढचं उघडत नव्हतं.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यामुळे की कशामुळे ते मला माहीत नाही, पण चष्मा काढूनही यंत्राला डोळे पटत नव्हते. पडद्यावर चित्र आलं: अंगठा ठेवा. बाबांनी ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. लाल.

आमच्याकडे हे नवीन नाही. कानशीने बाबांच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसून टाकल्या आहेत. रेशनच्या दुकानात, पेन्शनसाठी हयातीचा दाखला देताना, सगळीकडे यंत्र नाही म्हणतं. आणि सगळीकडे त्यावर एकच उपाय असतो: बोट ओलसर करायचं. कोणी केसांवरून फिरवतं, कोणी तेल लावतं. बाबा ग्लिसरीन वापरतात. बँकेतल्या बाईंनीच त्यांना ते सांगितलं होतं.

म्हणून बाबांनी, काचेच्या त्या दोन दारांमध्ये उभं राहून, सदऱ्याच्या खिशातून छोटी बाटली काढली. पारदर्शक, बिनालेबलची. झाकण उघडलं आणि दोन्ही अंगठ्यांना ते चोळायला लागले.

मी "बाबा, नको" म्हणाले. काचेतून ऐकू गेलं नसावं. दोन वर्दीवाले दोन बाजूंनी आले. एकाने तळहात पुढे करून थांबायची खूण केली. बाबांना वाटलं तो बाटली मागतो आहे. त्यांनी ती हसून पुढे केली. तो माणूस चटकन मागे सरकला.

मागचं दार उघडलं आणि त्यांनी बाबांना उलट बाजूने बाहेर घेतलं. मी पुढे झाले. माझ्या आणि त्या दारांच्या मध्ये फरशीवर एक पिवळी पट्टी होती. माझा पाय तिच्यावर पडला असेल नसेल, तेवढ्यात एक पहारेकरी आडवा आला. "मॅम, कॅनॉट."

"माझे वडील आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही."

"कॅनॉट गो बॅक." तो रागावला नव्हता. तेच जास्त भीतीचं वाटलं. रागावलेल्या माणसाची विनवणी तरी करता येते.

बाबांना त्यांनी एका कडेच्या खोलीकडे नेलं. जाताना बाबा मान वळवून मला शोधत होते, पण चष्मा त्यांच्या हातात होता आणि त्यांची नजर माझ्या बाजूच्या कोणावर तरी थांबून पुढे गेली. दार बंद झालं.

मला त्या वेळी जे वाटलं ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. मलेशियाच्या शिक्क्याप्रमाणे बाबा मलेशियातून गेले होते. सिंगापूरच्या यंत्राप्रमाणे ते आलेच नव्हते. मी त्यांच्यापासून फार तर आमच्या अंगणाएवढ्या अंतरावर होते आणि मी दुसऱ्या देशात होते. परत पाठवलं तर ते एकटे जातील. त्या पुलावरून, त्या प्रचंड इमारतीत, एकटे. पैसे माझ्याजवळ, फोन माझ्याजवळ, पत्ता माझ्याजवळ. ताईची मुलगी त्यांनी अजून बघितलेली नव्हती. आई बिछाने घालून वाट बघत असेल. आणि मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, पहारेकऱ्याला काय म्हणावं हे मला सुचत नव्हतं.

लताबाई बसकडे जाता जाता थांबल्या. त्यांनी माझा दंड धरला. "रडू नकोस. इथे रडलं की सगळ्यांना संशय येतो. त्या बाकावर बस, दार उघडलं की तू समोर दिसायला हवीस. कोणी आलं की सांग, 'दुभाषी लागला तर मी आहे.' एवढंच सांग." मग घड्याळ बघितलं आणि त्या गेल्या. त्यांना जायलाच हवं होतं. बस गेली असेल, कारण आमच्या बसमधलं पुन्हा कोणी दिसलं नाही.

मी बाकावर बसले. लोक येत होते, दारं उघडत होती, मिटत होती. किती सहज उघडत होती! शाळेच्या गणवेशातल्या मुलीसुद्धा गप्पा मारत निघून जात होत्या. मी ते एक वाक्य मनात घोकत होते. शेवटी एक बाई आल्या आणि माझं आडनाव उच्चारलं. मी ताडकन उठून म्हणाले, "दुभाषी लागला तर मी आहे."

त्या म्हणाल्या, "त्यासाठीच आले."

खोलीत एक टेबल. त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेली बाटली. बाबा दोन्ही तळहात वर करून टेबलावर ठेवून बसले होते. तसं बसायला कोणी सांगितलं होतं का, माहीत नाही. समोर एक तरुण अधिकारी. माझ्यापेक्षा फार मोठा नसेल.

बाबा मला बघून पहिलं काय म्हणाले असतील? "अगं, सामान कुठे ठेवलंस?"

अधिकाऱ्याने विचारलं, "हे काय आहे?"

"ग्लिसरीन."

"का लावलं? बोटांचे ठसे लपवायला?"

"नाही. दिसावेत म्हणून." मी म्हणाले आणि माझ्याच कानांना ते खोटं वाटलं. मी पुन्हा सांगायला लागले: कारखाना, कानस, घासलेली बोटं. कानशीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या क्षणी आठवेना. मी एक हात मुठीत धरून दुसऱ्याने घासून दाखवलं.

"त्यांना विचारा, हे लावायला कोणी शिकवलं?"

मी विचारलं. बाबा म्हणाले, "सांग ना, बँकेतल्या बाईंनी. त्या स्वतः लावून देतात. आणि हेही सांग की मी चोर नाही."

शेवटचं वाक्य सांगावं की नाही? मला वाटलं, 'चोर' हा शब्द उच्चारला की तो खोलीत येऊन बसेल. मी फक्त बँकेचं सांगितलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आपलं पूर्ण वाक्य गेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"बँकेतल्या बाई," अधिकारी म्हणाला. लिहून घेतलं. मग बाहेर गेला. तो बाहेर असतानाचा वेळ सगळ्यात वाईट होता. बाबा हळूच म्हणाले, "रेवा, परत पाठवलं तर तू पुढे जा हं. बारसं थांबवू नका."

"गप्प बसा ना बाबा."

"मी आपला पराठे खात बसेन तिकडे."

तो परत आला तो एक छोटं यंत्र घेऊन. ओल्या कापडाने त्याने बाबांना बोटं पुसायला लावली, आणि एकेक बोट ठेवायला सांगितलं. उजवा अंगठा, नाही. तर्जनी, नाही. मधलं, नाही. डावा हातही तसाच. शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि यंत्राने बारीक आवाज केला. हिरवं.

बाबा म्हणाले, "जन्मभर तिने काही काम केलं नाही, म्हणून पास झाली."

मी हे भाषांतर करून सांगितलं. अधिकारी हसला नाही, पण त्याने मान खाली घातली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. मग त्याने जिजाजींना फोन लावून पत्ता पडताळला, पुन्हा करंगळी घेतली, फोटो काढला. बाटली मात्र परत दिली नाही. म्हणाला, "अंकल, पुन्हा असं काही लावू नका. यंत्र चाललं नाही तर हात वर करा, आम्ही येऊ."

हात वर करा, हे मी सांगितलं तेव्हा बाबांना लाल पाटीवरचा माणूस आठवला असणार. त्यांनी विचारलं, "कसे वर करायचे? एक की दोन्ही?"

ताईचं घर

बस गेली होतीच. जिजाजी टॅक्सी घेऊन आले. बारसं झालं, हॉलमध्ये पाळण्याऐवजी दोन खुर्च्यांना साडी बांधून. मी मावशी, आत्या भारतातून फोनवर होती. कानात नाव सांगायचं तर फोन बाळाच्या कानाशी धरला आणि 'कुर्रर्र' ऐकून ते दचकून रडलं. सगळे हसले. श्रीखंड आईने घरी चक्का बांधून केलं होतं.

बाबा मात्र त्या घरातून फारसे बाहेर पडले नाहीत. जिजाजींनी बाग दाखवायला नेतो म्हटलं, समुद्र दाखवतो म्हटलं. बाबा म्हणत, "तुम्ही जाऊन या, मी बाळाजवळ बसतो." एकदा खाली बाजारात भाजी आणायला आले. दुकानाचं आपोआप उघडणारं काचेचं दार होतं. बाबा त्याच्यासमोर थांबले. दार उघडलं. तरी ते थांबलेच. मागून लोक आले तेव्हा मी त्यांचा हात धरून आत नेलं. मला वाटलं होतं, भीती त्या दालनात राहिली. तशी ती राहत नाही.

अहमदाबाद

आई ताईजवळ थांबली. परतताना जिजाजींनी आम्हाला थेट विमानात बसवलं. सिंगापूरच्या विमानतळावर बाबांनी आधीच हात वर केला, एकच. अधिकाऱ्याने काऊंटरवर घेतलं आणि करंगळी लागली. मी त्यांच्या मागे होते.

अहमदाबादला पहाटे उतरलो. ओळखीचा पंख्यांचा आवाज, सगळीकडे गुजराती. मला वाटलं, झालं, सुटलो. काऊंटरपुढे इथेही पिवळी रेघ असते, एकेकाने जायचं असतं. मी सवयीने पुढे झाले. बाबांनी माझी ओढणी धरली.

"तू मागे राहा," ते म्हणाले. "मी आधी जातो."

"बाबा, हा आपला देश आहे. इथे अंगठाही घेत नाहीत."

"असू दे. माझं अडलं तर तू अलीकडे पाहिजेस."

ते गेले. अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, चेहरा पाहिला, शिक्का मारला. काही विचारलंसुद्धा नाही. बाबा पलीकडे गेले, चार पावलं चालले आणि वळून उभे राहिले. मागून येणारे त्यांना चुकवून जात होते. एक जवान त्यांना पुढे जायला सांगत आला.

"काका, आगळ वधो. अहीं ऊभा ना रहेवाय."

"मारी दीकरी पाछळ छे."

"आवशे, काका. तमे बेल्ट पर जाओ, सामान लो."

बाबा हलले नाहीत. माझा अधिकारी माझी पानं उलटत होता, जरा जास्तच सावकाश. मी काऊंटरवरून बघितलं, तर बाबांनी आता चष्मा घातलेला होता आणि ते थेट माझ्याकडेच बघत होते. जवानाने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो हात धरून ठेवला, जसा आपण ओळखीच्याचा धरतो, आणि मला शिक्का मिळेपर्यंत सोडला नाही.